एकवीस दिवसांचा हिशेब

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशीतला, कामाच्या धबडग्यात सापडलेला, छातीत कळ येऊन खाली बसलेला माणूस येतो. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००) या पुस्तकाने मराठी वाचकांना या विकाराकडे डोळसपणे पाहायला शिकवले. तो विकार हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा. पण हृदयाचा असाही एक विकार आहे, जो पन्नाशीची वाट पाहत नाही. तो बहुधा पाच ते पंधरा वर्षे या वयात सुरू होतो. म्हणजे नेमका आपल्या वर्गात. आणि त्याची सुरुवात हृदयात नव्हे, तर घशात होते.

या विकाराला संधिज्वरजन्य हृदयविकार म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘ऱ्हुमॅटिक हार्ट’ असतो. २०१५ या वर्षासाठी केलेल्या एका जागतिक अंदाजानुसार सुमारे ३ कोटी ३४ लाख लोक हा विकार घेऊन जगत होते आणि त्या एका वर्षात ३ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. त्यांतली बहुसंख्य गरीब देशांतली होती. सधन देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला आहे. म्हणजे तो टाळता येतो, आणि झालाच तर त्याच्यासह चांगले जगताही येते. हे कसे, ते समजून घेऊ.

घशातून हृदयात

घसा दुखणे ही मुलांच्या बाबतीत नेहमीचीच तक्रार. बहुतेक वेळा ती विषाणूंमुळे असते, सोबत सर्दी-खोकला असतो आणि ती आपोआप बरी होते. काही वेळा मात्र स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जीवाणू घशात ठाण मांडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात. अशा वेळी ताप येतो, गिळताना फार दुखते, जबड्याखालच्या गाठी सुजतात. पण नाक वाहत नाही, खोकला नसतो.

शरीर या जीवाणूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. इथेच एक विलक्षण गफलत होते. या जीवाणूंच्या आवरणातील काही प्रथिनांची ठेवण आपल्या हृदयातील, सांध्यांतील आणि मेंदूतील काही प्रथिनांशी मिळतीजुळती असते. चोराचा सदरा आणि घरच्या माणसाचा सदरा एकाच ताग्यातला निघावा आणि अंधारात राखणदाराने घरच्यालाच बडवावे, तसे घडते. घसा बरा होतो आणि मग दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. हाच संधिज्वर.

प्रत्येक मुलाला तो होत नाही. स्ट्रेप्टोकॉकसमुळे घसा आलेल्या आणि उपचार न झालेल्या शंभर मुलांपैकी फार तर दोघा-तिघांना होतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले, तरी संधिज्वर टाळता येतो. मात्र डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या दहाच्या दहा दिवस घ्यायला हव्यात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या, तर जीवाणू घशात शिल्लक राहतात.

संधिज्वर सांध्यांना नुसता चाटतो, पण हृदयाला चावतो, असे डॉक्टर मंडळी फार पूर्वीपासून म्हणत आली आहेत. सांध्यांची सूज काही आठवड्यांत मागमूस न ठेवता जाते. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहू शकतात. आणि संधिज्वर पुन्हा झाला की आधीच्या व्रणांवर नव्या व्रणांची भर पडते.

झडपेचे गणित

आपले हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते. दर ठोक्याला साधारण ७० मिलिलीटर रक्त बाहेर पडते. विद्यार्थ्यांना गुणाकार करायला सांगा. मिनिटाला पाच लीटर, दिवसाला सात हजार लीटरच्या वर. एवढे रक्त एकाच दिशेने वाहावे म्हणून हृदयात चार झडपा आहेत. संधिज्वराचा घाव सर्वाधिक पडतो तो डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामधल्या द्विदली झडपेवर. (कर्णिका-जवनिकांना काही जण अलिंद व निलय म्हणतात.)

मोठ्या माणसात ही झडप पूर्ण उघडली की चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. व्रणांमुळे झडपेच्या कडा एकमेकींना चिकटल्या, की ती वाट अरुंद होते. कधी उलटेही घडते. झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळते.

झडप अरुंद झालेले मूल बाकावर बसले असता अगदी ठणठणीत दिसते, पण जिना चढले किंवा धावले की धापा टाकते. असे का? याचे उत्तर गणितात आहे. जवनिका सैल पडलेली असते तेवढ्याच वेळात या झडपेतून रक्त खाली उतरते. नाडी ७० असताना एका ठोक्याला साधारण ०.८६ सेकंद मिळतो. त्यातला ०.३४ सेकंद आकुंचनात जातो आणि ०.५२ सेकंद झडप उघडी असते. मिनिटाचा हिशेब केला तर सुमारे ३६ सेकंद. नाडी १४० झाली, की ठोक्याला ०.४३ सेकंद मिळतो. आकुंचन थोडेसेच आखडते, सुमारे ०.२२ सेकंदावर येते, आणि झडपेच्या वाट्याला ०.२१ सेकंद उरतो. मिनिटाला सुमारे २९ सेकंद.

म्हणजे धावताना शरीराला रक्त हवे असते दुप्पट, आणि दरवाजा उघडा राहतो तो आधीपेक्षाही कमी वेळ. निरोगी झडपेची वाट ऐसपैस असल्यामुळे हे निभते. अरुंद झडपेला निभत नाही. कालव्याचा दरवाजा अर्धवट गंजला आणि आवर्तनाचे दिवसही घटले, की दरवाज्यामागे पाणी तुंबते आणि पुढची शेते कोरडी राहतात. इथेही तसेच होते. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येतो आणि धाप लागते.

या झडपांचा आवाज वर्गातही ऐकता येतो. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. जाड कागदाची घट्ट सुरळी करून मुलांना एकमेकांचे ठोके ऐकू द्या. ‘लब्-डब्’ हा झडपा मिटण्याचा आवाज. बिघडलेल्या झडपेतून रक्त खळबळत जाते, तेव्हा डॉक्टरांना या दोन आवाजांच्या मध्ये एक घरघर ऐकू येते. तिची खात्री इको तपासणीने होते.

वर्गात दिसणाऱ्या खुणा

डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतात. शिक्षक त्याला रोज पाच-सहा तास पाहतात. म्हणून पुढील खुणा शिक्षकांनी ओळखणे महत्त्वाचे आहे.

पहिली खूण म्हणजे फिरते सांधे. आज गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो बरा झाला आणि घोटा धरला, मग कोपर. सोबत ताप. डोंगराळ भागात मुले शाळेसाठी दूरवर चालतात. त्यामुळे पाय दुखतात म्हटल्यावर चालून दुखत असतील, वाढीचे वय आहे, असे म्हणून सोडून दिले जाते. नुसते पाय दुखणे वेगळे आणि सांधा सुजून गरम होणे वेगळे.

दुसरी खूण पूर्वी सहज खेळणारे मूल अलीकडे मागे पडू लागणे, चालताना थांबणे, रात्री उशी उंच करून झोपणे.

तिसरी खूण सर्वांत फसवी आहे. काही मुलांत, विशेषतः मुलींत, प्रतिपिंडांचा मारा मेंदूच्या एका भागावर होतो आणि हातापायांच्या, चेहऱ्याच्या नकळत हालचाली सुरू होतात. सतराव्या शतकात थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. मुलीचे अक्षर एकाएकी बिघडते. हातातून पाण्याचा पेला पडतो. ती वर्गात चुळबुळ करते, वेडेवाकडे तोंड करते, कारण नसता रडते. झोपेत हे सारे थांबते आणि रागावले की वाढते. अशा मुलीला शाळेत शिक्षा होते आणि घरी धपाटे बसतात. वास्तविक तिला हवी असते ती हृदयाची तपासणी. चांगले अक्षर असलेल्या मुलीची वही महिन्याभरात गिचमिड झाली, तर छडीआधी आरोग्य केंद्र आठवावे.

दर तिसरा मंगळवार

आता एक उदाहरण घेऊ. महाळुंगे पडवळच्या शाळेत सातवीत एक बारा वर्षांची मुलगी आहे, असे समजा. तिला संधिज्वर होऊन गेला आणि द्विदली झडपेवर थोडा परिणाम राहिला. औषधाने झडपेवरचा व्रण पुसता येत नाही. पण दुसरा घाव पडू न देणे आपल्या हाती आहे, आणि बहुतेक मुलांचे पुढचे आयुष्य त्यावरच ठरते.

त्यासाठी बेंझाथीन पेनिसिलीन हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी घ्यायचे असते. साध्या पेनिसिलीनचा अंमल काही तासांत ओसरतो. बेंझाथीन पेनिसिलीन मात्र फार सावकाश विरघळते. युरिया पावसाच्या एका सरीत विरघळून जातो आणि शेणखत महिनोन् महिने पिकाला थोडेथोडे देत राहते, तशातला हा प्रकार. स्नायूत साठलेले औषध तीन आठवडे थोडेथोडे रक्तात उतरते. चौथ्या आठवड्यात त्याची पातळी बरीच खाली येते. म्हणून हा आजार जिथे जास्त आहे, अशा आपल्यासारख्या प्रदेशांत महिन्याऐवजी २१ दिवसांचे अंतर पाळतात.

किती वर्षे? ते डॉक्टर ठरवतात. साधारण नियम असा : हृदयावर परिणाम नसेल तर शेवटच्या संधिज्वरानंतर ५ वर्षे किंवा वयाच्या १८ वर्षांपर्यंत, सौम्य परिणाम असेल तर १० वर्षे किंवा २५ वर्षांपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल ते. झडप फार बिघडली असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर बहुधा आयुष्यभर. आपल्या मुलीला पंचविशीपर्यंत, म्हणजे १३ वर्षे इंजेक्शने घ्यायची आहेत. ४७४५ भागिले २१. सव्वादोनशेहून एक जास्त.

दोनशे सव्वीस वेळा सुई! आणि तीही अंग निरोगी वाटत असताना. इंजेक्शन चांगलेच दुखते. मजुरी बुडते. ‘आता पोरगी बरी आहे, कशाला टोचायचे?’ हा प्रश्न घरात येतोच. सात-आठ इंजेक्शने चुकतात आणि काही होत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात घसा येतो आणि पुन्हा संधिज्वर गाठतो. या आजाराच्या उपचारातले सर्वांत कठीण काम शस्त्रक्रियेच्या खोलीत नसते. ते या २१ दिवसांच्या हिशेबात असते.

इथे गणित थोडी मदत करते. २१ ला ७ ने पूर्ण भाग जातो. म्हणून पहिले इंजेक्शन मंगळवारी घेतले, तर दोनशे सव्विसावेही मंगळवारीच येईल. तारखा लक्षात ठेवायला नकोत. ‘दर तिसरा मंगळवार’ एवढे पुरे. वर्गातल्या दिनदर्शिकेवर त्या दिवसांवर खूण केली आणि त्या दिवशी उशिरा येण्याची मुभा दिली, तरी शाळेने मोठे काम केले.

इंजेक्शनची भीतीही दूर करायला हवी. पेनिसिलीनची तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होते. म्हणून ते तातडीच्या औषधांची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यावे. आणखी एक गोष्ट अलीकडे ध्यानात आली आहे. झडपा फार बिघडलेल्या काही रुग्णांना इंजेक्शननंतर भोवळ येते. ती ॲलर्जी नसून दुर्बळ हृदयाला वेदना आणि भीती न सोसल्यामुळेही असू शकते. उपाशीपोटी जाऊ नये, पाणी पिऊन जावे आणि आडवे झोपून इंजेक्शन घ्यावे, हे त्यासाठी.

दाटीचा आजार

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. पोटासाठी मुंबईला जाऊन गिरणी कामगार झालेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मालमोटार अडवताना चिरडला गेला, हे आपण मुलांना शिकवतो. त्याच्यासारखे जे असंख्य तरुण गिरणगावात गेले, ते एकेका खोलीत दाटीवाटीने राहिले. संधिज्वर हा अशा दाटीचा आजार आहे. स्ट्रेप्टोकॉकस शिंकण्या-खोकण्यातून पसरतात. एका खोलीत जितकी माणसे जास्त, तितकी त्यांची चैन. युरोप-अमेरिकेत पेनिसिलीन येण्यापूर्वीच, घरे सुधारू लागल्याबरोबर हा आजार ओसरू लागला होता. पेनिसिलीनने उरलेले काम केले.

याच गिरणगावात, परळला, १९२६ मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले. तिथे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला, पण भारतीय शल्यचिकित्सेच्या इतिहासात त्या दिवसाची नोंद झाली, आणि ते योग्यच होते. मात्र गावोगावच्या परिचारिकांनी दर तीन आठवड्यांनी दिलेल्या इंजेक्शनांची नोंद कोणत्याही इतिहासात होत नाही. त्यांनी वाचवलेल्या झडपा मोजता येत नाहीत, कारण त्या बिघडल्याच नाहीत.

गिरण्यांचा काळ सरला, दाटी सरली नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांत मुले एकेका खोलीत जवळजवळ झोपतात. पूर्वेकडे पारगावच्या भीमाशंकर साखर कारखान्यासारख्या ठिकाणी ऊसतोडणीच्या हंगामात कुटुंबे कोप्यांत राहतात. बिछान्यांत अंतर ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि घसा आलेल्या मुलावर वेळीच उपचार करणे हीसुद्धा हृदयाचीच काळजी आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाजवळ आजाराचे नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेले कार्ड असेल, तर पुढच्या गावचा डॉक्टरही हिशेब पुढे चालवू शकतो.

खेळू द्यावे का?

हृदयविकार कळल्याबरोबर मुलाला जपणे सुरू होते. कवायतीला बाजूला बसवतात, सहलीला नेत नाहीत, वर्गाचा फळाही पुसू देत नाहीत. हेतू चांगला असतो. पण सौम्य विकार असलेल्या मुलाने खेळायला काही हरकत नसते. उलट खेळातून स्नायू कणखर होतात आणि तेच काम ते थोड्या रक्तात करू लागतात. विकार मध्यम असेल तर चालणे आणि हलके खेळ चालतात, चुरशीच्या शर्यती नकोत. विकार तीव्र असेल तर डॉक्टरांचा शब्द प्रमाण. ‘खेळू द्यावे का?’ यापेक्षा ‘काय खेळू द्यावे?’ असे डॉक्टरांना विचारावे आणि उत्तर लिहून आणायला सांगावे. खेळताना मूल सलग वाक्य बोलू शकत असेल, तर श्रम बेताचे आहेत. शब्दाशब्दाला थांबत असेल, तर बसवावे.

दातांची निगाही हृदयासाठी महत्त्वाची. किडक्या दातांतले, सुजलेल्या हिरड्यांतले जीवाणू रक्तात शिरून खडबडीत झडपेवर घर करू शकतात. म्हणून दात रोज दोनदा घासावेत आणि दात काढण्यापूर्वी आपल्या झडपेबद्दल डॉक्टरांना सांगावे.

नवी झडप, जुनी मेथी

काहींची झडप अरुंद होतच जाते. तिच्या चिकटलेल्या कडा फुग्याने सोडवण्याची पद्धत १९८० च्या दशकात जपानचे डॉ. कांजी इनोऊए यांनी रूढ केली. मांडीतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि झडपेत छोटा फुगा फुगवतात. छाती उघडावी लागत नाही. झडप तेवढ्याने सुधारण्याजोगी नसेल, तर शस्त्रक्रियेने दुरुस्त करतात किंवा बदलतात. पूर्वी कृत्रिम झडपा परदेशातून आणाव्या लागत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप घडवली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवली गेली.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, आयुष्यभर घ्यावी लागते. ही गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, आणि हिरव्या पालेभाज्यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. आंबेगाव-जुन्नर हा तर मेथी-कोथिंबिरीचा मुलूख! भाव पडला की घरात रोज मेथी, भाव चढला की महिनाभर दर्शन नाही. अशाने गोळीचा परिणाम कधी कमी, कधी जास्त होतो. पालेभाजी सोडायची नाही. बाराही महिने ती साधारण सारख्या प्रमाणात खायची आणि ठरलेल्या मुदतीत रक्ताची तपासणी करायची. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही, कारण तिने रक्तस्राव होऊ शकतो.

लपवलेला आजार

आपली सातवीतली मुलगी मोठी होते, तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. घरचे म्हणतात, आजाराचे नाव काढू नका, जमलेले मोडेल. मुलगी सासरी जाते, आणि कार्ड माहेरच्या पेटीत राहते. इंजेक्शने थांबतात.

मग गर्भारपण येते. या काळात अंगातले रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि नाडीही वाढते. झडपेचे गणित आपण वर केलेच आहे. तोवर निमूट राहिलेली अरुंद झडप आता धाप लावते आणि बाळ-बाळंतीण दोघांवर बेतू शकते. याचा अर्थ अशा मुलीने लग्न करू नये किंवा आई होऊ नये, असा नाही. सौम्य विकार असलेल्या बहुतेक जणी सुखरूप बाळंत होतात. मात्र दिवस राहण्यापूर्वी इको तपासणी व्हावी, गरज असल्यास झडपेवरचा उपचार आधी उरकावा, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात व्हावे. यासाठी सासरच्यांना आजार माहीत असायला हवा. आजारापेक्षा तो लपवणे अधिक घातक ठरते.

आणि शाळा?

फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीत या हृदयविकाराचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी वारंवार सांधे धरणारे, धापा टाकणारे, अक्षर बिघडलेले मूल गैरहजर राहू नये, एवढे पाहणे शिक्षकांच्या हाती आहे. शंका असेल तर वार्षिक तपासणीची वाट न पाहता त्याला आरोग्य केंद्रात किंवा मंचरसारख्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

निदान झालेल्या मुलाच्या बाबतीत शाळेचे काम साधे आहे. इंजेक्शनचा वार ठाऊक असणे, त्या दिवसाची गैरहजेरी न धरणे, झेपेल तो खेळ खेळू देणे, आणि त्याच्या आजाराची वर्गात चर्चा होऊ न देता त्याला इतरांसारखेच वागवणे. सातवीची मुलगी दहावीला दुसऱ्या शाळेत जाईल, तेव्हा तिच्या दाखल्याबरोबर पालकांच्या संमतीने नव्या वर्गशिक्षकांसाठी एक चिठ्ठीही जावी. तिच्यात आजाराचे नाव असावे, शेवटच्या इंजेक्शनची तारीख असावी आणि ‘दर तिसरा मंगळवार’ एवढे तीन शब्द.